आरव्हीचा फ्रिज : आधी निदान, की सरळ नवा?

उन्हाळा लागला की अमेरिकेतल्या आरव्हीवाल्यांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते : फ्रिजचा दिवा लागतो, पण गार होत नाही. चाकांवरच्या या घरातला फ्रिज घरच्या फ्रिजसारखाच दिसतो. पण बहुतेक जुन्या आरव्हींमध्ये त्याचं काम वेगळ्याच तत्त्वावर चालतं, आणि हे मालकाला तो बिघडेपर्यंत माहीतच नसतं. मग दोन मतं पुढे येतात. एक मत म्हणतं, जुनं तंत्र आहे, काढून टाका आणि कॉम्प्रेसरचा फ्रिज बसवा. दुसरं म्हणतं, नेमकं काय बिघडलं ते शोधल्याशिवाय काही काढू नका. दोन्ही मतांना आधार आहे. म्हणून ती एका आत्या-भाच्याच्या संवादातून समोरासमोर ठेवली आहेत. आत्या निवृत्त केमिकल इंजिनिअर, अनेक वर्षं आरव्हीतून हिंडलेली. भाचा अ‍ॅरिझोनातल्या चँडलरचा, नुकताच जुना ट्रेलर घेतलेला. ट्रेलर घरासमोरच्या उतारावर उभा आहे, बाहेर ११० अंश फॅरनहाइट म्हणजे ४३ अंश सेल्सिअस आहे, आणि शुक्रवारी पहाटे कोलोरॅडोकडे निघायचं आहे.

भाचा : आत्या, काल संध्याकाळी फ्रिज लावला. आज दुपार झाली तरी आत ५५ अंश फॅरनहाइट. दिवा हिरवा आहे, म्हणजे वीज मिळतेय. मी ठरवलंय, हा काढायचा आणि बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा बसवायचा.

आत्या : बसव की. पण आधी सांग, बिघडलंय काय?

भाचा : गार होत नाही, हेच.

आत्या : ते लक्षण झालं. कारण शोधायला हवं. आणि तो हिरवा दिवा बारा व्होल्टच्या कंट्रोल बोर्डाचा आहे. बोर्ड जिवंत आहे एवढंच तो सांगतो. मागच्या हीटरला १२० व्होल्ट पोचतात की नाही, ते त्यावरून कळत नाही.

भाचा : फ्रिजला हीटर? तो कशाला?

आत्या : इथेच सगळी मेख आहे. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नाही. गार करणाऱ्या नळ्यांत एकही हलणारा भाग नाही. पुण्या-मुंबईच्या हॉटेलच्या खोलीत आवाज न करणारा छोटा फ्रिज असतो ना, त्यातले बरेच याच जातीचे. बंद नळ्यांमध्ये पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन भरलेला असतो. खाली बॉयलर असतो. तो विजेच्या हीटरने नाहीतर गॅसच्या ज्योतीने तापतो. तापला की पाण्यातल्या अमोनियाची वाफ होऊन ती वर चढते. वरच्या पंखवाल्या नळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, ती आपली उष्णता बाहेरच्या हवेला देते आणि अमोनिया द्रव होतो. तो द्रव फ्रीझरमागच्या नळीत उतरतो. तिथे हायड्रोजन असल्यामुळे अमोनियाच्या वाट्याला दाब कमी येतो, म्हणून थंड जागेतही त्याची पुन्हा वाफ होऊ लागते. त्यासाठी लागणारी उष्णता तो फ्रिजच्या आतून ओढून घेतो. पुढे खालच्या अब्सॉर्बरमध्ये पाणी अमोनियाला शोषून घेतं, हायड्रोजन मोकळा होऊन वर जातो, आणि फेरा पुन्हा सुरू.

भाचा : म्हणजे गार करण्यासाठी आधी तापवायचं.

आत्या : हो. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात शिकणाऱ्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही रचना केली. इलेक्ट्रोलक्सने ती विकत घेऊन १९२५ पासून बाजारात आणली. वीज नसलेल्या ठिकाणी रॉकेलवर चालणारे फ्रिज याच तत्त्वाचे.

भाचा : म्हणजे शंभर वर्षांचं तंत्र. माझ्या मुद्द्याला तू बळच देतेस. आज उत्तम कॉम्प्रेसर मिळतात, ते काही तासांत गारवा देतात. हा फ्रिज मात्र सामान भरण्याआधी रात्रभर लावून ठेवावा लागतो.

आत्या : ते खरं आहे. याची ताकद कमी, वेग कमी. म्हणूनच त्याच्या अटी पाळाव्या लागतात. अटी चार : सपाट जागा, पुरेशी उष्णता आत, ती उष्णता बाहेर जायला वाट, आणि घट्ट बंद होणारं दार. यातली एकही अट मोडली तरी आत ५५ अंश दिसतात, आणि बंद नळ्यांमध्ये काहीही बिघडलेलं नसतं. आता बघू. फ्रीझरच्या तळावर पाणसळ ठेव.

भाचा : बुडबुडा पार एका टोकाला गेला.

आत्या : जाणारच. ट्रेलर उतारावर उभा आहे. या फ्रिजमध्ये पंप नाही. बॉयलरमधले बुडबुडे द्रव वर ढकलतात आणि बाकी सगळं गुरुत्वाकर्षणाने खाली वाहतं. नळ्यांचा उतार बिघडला की द्रव वाटेत साचतो आणि बॉयलर कोरडा पडू लागतो. बऱ्याच मॉडेलांना एका दिशेला साधारण ३ अंश आणि दुसऱ्या दिशेला ६ अंशांपर्यंत कल चालतो. आपल्या मॉडेलची मर्यादा पुस्तिकेत बघायची. गाडी चालताना कल सतत बदलतो, त्यामुळे अपाय होत नाही. उभ्या गाडीत मात्र होतो.

भाचा : मग आत्ता सपाट केला की झालं?

आत्या : तसं झालं तर उत्तम. पण कललेल्या जागी तासन्‌तास चालला असेल, तर बॉयलर अति तापतो. नळ्या आतून गंजू नयेत म्हणून द्रवात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. ते जास्त उष्णतेने वेगळं होऊन नळीत बसतं. थोडं थोडं करून वाट बंद होते, आणि ती पुन्हा उघडत नाही. म्हणून कलाची चूक लहान वाटली तरी तिची किंमत पुढे मोजावी लागते.

भाचा : हाच तर माझा आक्षेप आहे. जंगलातल्या कॅम्पसाइटवर सपाट जागा कुठून आणायची? कॉम्प्रेसरच्या फ्रिजला एवढ्या कलाने काही होत नाही.

आत्या : मान्य. तुझ्या बाजूचा तो पक्का मुद्दा आहे, मी खोडणार नाही. चाकाखाली ठोकळे सरकव, मग पुढचं बघू. मल्टिमीटर आणलास? आधी या प्लगवर व्होल्टेज मोज, एसी चालू असतानाच. जपून, वीज चालू आहे.

भाचा : १०८.

आत्या : १२० हवेत. तू घरातून बारीक वायरीची लांब एक्स्टेन्शन ओढलीस आणि तिच्यावर एसीही चालवतोस. आता हिशेब कर. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १२० वर ३२५ वॅट देणारा हीटर १०८ वर साधारण २६३ वॅटच देतो. वायरीमुळे जवळपास एक पंचमांश उष्णता कमी झाली. आधीच कमी ताकदीच्या फ्रिजला बाहेर ११० अंश असताना हे कसं परवडेल?

भाचा : हीटरच जळलेला असेल तर?

आत्या : तेही मोजता येतं. प्लग काढ. आता हीटरच्या दोन्ही तारा बोर्डावरून सोडव आणि ओहम बघ. १२०चा वर्ग १४,४००, त्याला ३२५ने भाग. ४४च्या आसपास यायला हवेत. आकडाच आला नाही तर हीटर तुटलेला. फार कमी आला तर चुकीचा हीटर बसवलाय किंवा आत शॉर्ट आहे.

भाचा : ४४.

आत्या : हीटर ठीक. आता तारा परत लाव, वीज जोडून तासभर गरम होऊ दे, मग मागची खालची जाळी काढून अब्सॉर्बरच्या नळ्यांजवळ हात ने. बॉयलरच्या बाजूला नको, भाजेल. बॉयलर तापलेला आणि अब्सॉर्बरही गरम असेल, तर आत चक्र फिरतंय. बॉयलर तापलेला आणि अब्सॉर्बर गारच असेल, तर आतला प्रवाह अडलाय किंवा वायू गळून गेलाय.

भाचा : आणि गॅसवरचं काय? रस्त्यात तर आम्ही गॅसवरच चालवणार.

आत्या : हीच सगळ्यांत मोलाची चाचणी. नळ्या एकच, उष्णता द्यायच्या वाटा दोन. एका वाटेने नीट गार होतो आणि दुसऱ्या वाटेने नाही, तर नळ्या निर्दोष आहेत आणि दोष त्या वाटेत आहे. विजेवर गार होतो, गॅसवर नाही, तर बर्नर बघ. ज्योत निळी आणि ठाम हवी. पिवळी, लवलवणारी असेल तर वरच्या धुराड्यातला गंज बर्नरवर पडलाय, किंवा कोळ्याने जाळं केलंय. गॅसचा दाब पाण्याच्या ११ इंचांइतका हवा. तो मोजणं आणि जेट साफ करणं जाणत्या माणसाकडून करून घे. जेटमध्ये सुई घालून टोचू नको, छिद्र वेडंवाकडं होतं. आणि कोलोरॅडोत उंचीवर जाताय, तर एक ध्यानात ठेव. बऱ्याच पुस्तिकांत ५,५०० फुटांच्या वर गॅसवर फ्रिज कमी पडेल किंवा ज्योत विझेल असं लिहिलेलं असतं. हवा विरळ होते. तिथे कॅम्पसाइटची वीज मिळाली तर तीच वापर.

भाचा : आत्या, तू सांगतेस त्या प्रत्येक गोष्टीसोबत माझी यादी वाढतेय. कल बघा, दाब बघा, उंची बघा. माणूस सहलीला गेलाय की प्रयोगशाळेत?

आत्या : यादी एकदा कळली की तपासायला फार वेळ लागत नाही. ऐक, अजून एक मोठी अट राहिली. बाहेरची ही खालची जाळी आणि वरची जाळी का आहेत?

भाचा : हवा खेळायला.

आत्या : आत जेवढी उष्णता घालतोस ती आणि फ्रिजमधून काढलेली, अशी सगळी उष्णता या वाटेने बाहेर जायची असते. खालून थंड हवा शिरते, नळ्यांवरून तापत वर जाते आणि वरून बाहेर पडते. मागे मोकळी जागा जास्त असेल, तर हवा पंखांना चुकवून बाजूने निघून जाते. म्हणून पत्र्याचे आडोसे लावून तिला पंखांमधूनच जायला लावतात. पक्ष्याने किंवा गांधीलमाशीने घरटं केलं, तरी वाट अडते. आणि बघ, हा छोटा पंखा फिरत नाहीये. एवढ्या उन्हात फिरायला हवा होता.

भाचा : तार सुटलीय त्याची.

आत्या : जोड. शिवाय ट्रेलरची फ्रिजची बाजू पश्चिमेला आहे. दुपारभर ऊन या जाळीवरच. उन्हाळ्यात फ्रिजची बाजू शक्यतो उत्तरेला किंवा पूर्वेला येईल अशी गाडी लावायची. आतलंही बघ. दाराच्या रबरात डॉलरची नोट धरून दार लाव. नोट सहज सुटून येत असेल तिथून गारवा जातोय. आतल्या गार पंखांवर बर्फ जाड झाला असेल तर वितळव. गरम आमटीचं पातेलं तसंच आत ठेवू नको, आणि डबे इतके दाटीने भरू नको की आतली हवाच फिरणार नाही. त्या पंखांना लावलेला तापमानाचा सेन्सर सैल झाला, तरी फ्रिजला आतलं तापमान चुकीचं कळतं. बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून मोजला, तर डोमेटिक कंपनीच्या बऱ्याच फ्रिजच्या सेन्सरचा रोध ७ ते १० हजार ओहम येतो.

भाचा : हे सगळं मला पटतंय. पण आता माझं ऐक. सोबत आई आहे, तिचं इन्सुलिन आहे. ते ३६ ते ४६ अंशांत राहायला हवं आणि गोठूनही चालत नाही. मुलीचं दूध आहे. फ्रिज दोन दिवस कुंथत असेल, तर मी अब्सॉर्बर चाचपत बसू का?

आत्या : नाही. इथे तुझं म्हणणं माझ्यापेक्षा महत्त्वाचं. दूध, मांस, शिजवलेलं अन्न ४० अंशांच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं, तर टाकून द्यायचं. चव घेऊन बघायचं नाही. वहिनीच्या इन्सुलिनसाठी वेगळा छोटा कूलर आणि त्यात वेगळा थर्मामीटर ठेव. कुठल्याही आरव्हीच्या एकट्या फ्रिजवर ते सोडू नको, कॉम्प्रेसरच्याही नाही. फ्रिजचं तापमान मोजायला पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून मधल्या फळीवर ठेव. दार उघडलं की हवेचं तापमान लगेच बदलतं, पाण्याचं नाही. खरा अंदाज त्यातूनच येतो.

भाचा : आणि आगीचं? डोमेटिकने २००६ मध्ये अमेरिकेत नऊ लाखांहून जास्त फ्रिज परत बोलावले होते. बॉयलरच्या नळीला तडा जाऊन आग लागू शकते म्हणून. पुढे नॉरकोल्ड कंपनीनेही फ्रिज परत बोलावले. आत हायड्रोजन, बाजूला ज्योत. अशा वस्तूशी मी का खेळू?

आत्या : खेळू नकोच. निदानाची पहिली पायरी खरं तर हीच असायला हवी. फ्रिजचा मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्यायचा, तो परत बोलावलेल्यांत आहे का आणि सांगितलेली दुरुस्ती झाली आहे का, ते बघायचं. मग नाकाने आणि डोळ्याने तपासायचं. मागे पिवळी पूड किंवा पिवळे डाग दिसले, किंवा आत अमोनियाचा डोळ्यांत झोंबणारा वास आला, तर नळी फुटलीय. वीज बंद, सिलिंडर बंद, खिडक्या उघड्या, माणसं बाहेर, ज्योत कुठेही नाही. तो फ्रिज पुन्हा लावायचा नाही. तिथे माझं निदान संपलं, आणि बदलण्याचा तुझा निर्णय बरोबर ठरला.

भाचा : मग आपण एवढं भांडलो कशासाठी?

आत्या : कारण तू पिवळा डाग बघायच्या आधीच नवा फ्रिज मागवायला निघाला होतास. आता सांग, कॉम्प्रेसरचा फ्रिज आतली उष्णता कुठे टाकणार?

भाचा : मागेच.

आत्या : म्हणजे हवेची वाट त्यालाही लागणार. ही वाट आत्ता अडलेली असेल, तर तोही धापा टाकेल. दुसरं, तो बारा व्होल्टवर चालणार. बॅटरीपासून फ्रिजपर्यंतची तार बारीक असेल तर व्होल्टेज पडेल आणि कॉम्प्रेसरचा कंट्रोलर त्याला बंद करेल. आज एक्स्टेन्शनमध्ये जो दोष आहे, तोच तिकडे दुसऱ्या वायरीत भेटेल. दाराच्या रबराचा, गरम आमटीचा नियम बदलणार नाही. कारण न शोधता वस्तू बदलली, की जुना दोष नव्या वस्तूच्या वाट्याला येतो.

भाचा : हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तरी माझा हिशेब मांडतो. आम्ही बहुतेक वेळा वीज असलेल्या कॅम्पसाइटवर राहतो, उन्हाळ्यात, लहान मुलीसह. मला लवकर गार होणारा, कल सहन करणारा, ज्योत नसलेला फ्रिज हवा. लिथियमची बॅटरी आणि छतावर सोलर बसवायची माझी तयारी आहे.

आत्या : मग तुझ्यासाठी कॉम्प्रेसर योग्य. मी दिवसचे दिवस विजेशिवाय राहते. कॉम्प्रेसरच्या मोठ्या फ्रिजला दिवसाला ६० ते ८० अँपिअर-तास लागतात, उन्हात आणखी जास्त. १०० अँपिअर-तासांच्या साध्या लेड बॅटरीतून निम्मेच वापरणं शहाणपणाचं. एक ढगाळ दिवस आला की ती संपते. माझा गॅसचा फ्रिज २० पौंडांच्या एका सिलिंडरवर साधारण दीड-दोन आठवडे चालतो. नळ्या गेल्याच तर मी अख्खा फ्रिज बदलणार नाही, फक्त मागचं कूलिंग युनिट बदलेन. इंडियानातल्या शिपशेवानाला अमिश कारागीर अशी युनिट नव्याने बांधतात. त्यांच्या घरात सहसा तारेची वीज नसते, फ्रिज बऱ्याचदा गॅसवर. त्यामुळे या कामात त्यांचा हात बसलेला आहे.

भाचा : म्हणजे तुझा फ्रिज तुला बरोबर, माझा मला?

आत्या : हो, पण निवड करताना कारण हाती असायला हवं. आज रात्री एवढं कर. ट्रेलर सपाट, पंखा चालू, फ्रिजला जाड वायर आणि एसी वेगळ्या सर्किटवर, आत पाण्याचा ग्लास आणि थर्मामीटर, दार बंद. पहाटे बघ. ४० अंशांच्या खाली आला, तर या सहलीपुरता तुझा फ्रिज बरा आहे. सहलीहून येऊन बदलायचाच असेल, तर निवांतपणे बदल. गॅसची नळी जाणत्याकडून बंद करून घे आणि हवेची वाट नव्या फ्रिजच्या पुस्तिकेप्रमाणे ठेव. पहाटेही ५० अंशांवर असेल आणि अब्सॉर्बर गार असेल, तर कूलर भर, बर्फ घे आणि निघ. मग या फ्रिजवर आणखी एक दिवसही घालवू नको.

भाचा : एक रात्र देतो. त्यापेक्षा जास्त नाही.

आत्या : एक रात्र पुरेशी आहे.

या दोघांपैकी कुणा एकाला जिंकवणं योग्य होणार नाही. भाच्याची धास्ती खरी आहे : अन्न, औषध आणि आग यांच्याशी तडजोड नाही, आणि निदानाला मुदत हवी. आत्याचा आग्रहही खरा आहे : कल, व्होल्टेज, हवेची वाट आणि दार या चार गोष्टी तपासल्याशिवाय फ्रिज मेला असं म्हणता येत नाही. आरव्ही असलेल्या वाचकांना म्हणून एवढीच विनंती. सहलीच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी फ्रिज लावून बघा. पाणसळ, मल्टिमीटर आणि थर्मामीटर गाडीतच ठेवा. अमोनियाचा वास किंवा पिवळा डाग दिसला, तर सगळं बंद करून बाहेर पडा. तसं काही नसेल, तर नव्या फ्रिजचे पैसे भरण्याआधी जुन्याला सपाट जमिनीवर, पुऱ्या व्होल्टेजवर एक रात्र द्या.